फॉर्म कुठे अडतो? कर्जमाफीच्या रांगेपासून मोबाईलच्या स्क्रीनपर्यंत

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज विषय जरा कोरडा वाटेल. फॉर्म. वेबसाईटवरचा, मोबाईलवरचा, ज्यात नाव-गाव-आधार टाकून आपण सबमिट दाबतो तो. तुमच्यापैकी बरेच जण कॉम्प्युटर शिकताय, कुणी बीसीएस, कुणी डिप्लोमा, कुणी यूट्यूब बघून स्वतःच वेबसाईट बनवताय. तुम्हाला पहिलं काम मिळेल ना, तेव्हा कुणी तुम्हाला पुढचं फेसबुक बनवायला सांगणार नाही. सांगतील, एक फॉर्म बनवून दे. कॉलेजच्या गॅदरिंगचा, कृषी केंद्राचा, पतसंस्थेचा. आणि तुम्ही म्हणाल, त्यात काय, तासाभरात होते!

होते ना. बनवायला तासच लागतो. भरणाऱ्याला किती लागतो, ते आज बघू.

सुरुवात २०१७ पासून करतो, कारण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फॉर्म या शब्दाला खरं वजन आलं ते त्या वर्षी. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. २४ जून २०१७ ला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कर्जमाफी जाहीर केली. नाव, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. आकडा ३४ हजार कोटींचा, आणि ८९ लाख शेतकऱ्यांना फायदा होईल असं सांगितलं गेलं. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ. कापूस-सोयाबीनचा आपला पट्टा, कोरडवाहू, घरटी कुणी ना कुणी थकबाकीदार. म्हणजे बातमी प्रत्येक घरात पोचली.

मग आली अट. अर्ज ऑनलाइन करायचा. जुलैच्या शेवटी आपले सरकारच्या पोर्टलवर आणि गावोगावच्या केंद्रांवर फॉर्म सुरू झाले. आधार पाहिजे, बोटाचा ठसा किंवा ओटीपी पाहिजे, कुटुंब म्हणून नवरा-बायको दोघांची माहिती पाहिजे, कर्जाचं खातं, बचतीचं खातं, सगळं पाहिजे. पेरण्या झालेल्या, निंदण-खुरपणाचे, फवारणीचे दिवस. नवरा-बायको दोघंही दिवसाची मजुरी बुडवून केंद्रावर रांगेत. सर्व्हर डाऊन. उद्या या. उद्या पुन्हा रांग.

सरकारची बाजूही सांगतो, नाहीतर ते बरोबर होणार नाही. २००८ ला केंद्र सरकारने कर्जमाफी दिली होती, ती बँकांच्या यादीवरून. पुढे २०१३ मध्ये कॅगचा अहवाल आला. त्यात निघालं की काही अपात्र लोकांना लाभ मिळाला आणि काही पात्र लोक राहूनच गेले. तेव्हा यावेळी एकेक माणूस तपासून घेऊ, हा विचार काही चुकीचा नव्हता. प्रश्न असा आहे की तपासायचं ओझं टाकलं कुणावर? ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याच्या बोटाचे ठसे कापूस वेचून आणि खुरपं धरून झिजलेत, त्याच्यावर.

मुदत वाढली, २२ सप्टेंबरपर्यंत गेली. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटायचा कार्यक्रम झाला. आणि त्यानंतर गाडी अडली. शेतकऱ्याने फॉर्ममध्ये भरलेली माहिती एकीकडे, बँकेने दिलेली दुसरीकडे, दोन्ही जुळेनात. नाव जुळत नाही, खातं जुळत नाही, आधार जुळत नाही. पुढच्या वर्षी राहिलेल्या लोकांसाठी पोर्टल पुन्हा उघडावं लागलं.

आता हे लक्षात घ्या. बँकेकडे कर्जाची माहिती आधीपासून होती. कर्ज बँकेनेच दिलं होतं! किती दिलं, कधी दिलं, किती थकलं, सगळं त्यांच्या संगणकात. तीच माहिती शेतकऱ्याला पुन्हा विचारली, त्याने ती केंद्रावरच्या मुलाला तोंडी सांगितली, मुलाने घाईत टाईप केली, आणि मग ती बँकेच्या माहितीशी जुळते का ते बघितलं. जुळली नाही तर अडला शेतकरी.

दोन वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, उद्धव ठाकरे सरकारने दुसरी कर्जमाफी जाहीर केली. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, दोन लाखांपर्यंत. तिच्यात फॉर्मच नव्हता. बँकांनी माहिती द्यायची, सरकारने यादी बनवायची, प्रत्येक खात्याला एक विशिष्ट क्रमांक, यादी गावात लागणार. शेतकऱ्याने केंद्रावर जायचं, स्क्रीनवर आपली रक्कम बघायची, बरोबर असेल तर आधारने मान्यता द्यायची. बरोबर नसेल तर तक्रार नोंदवायची, ती जिल्हा समितीकडे. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला लागली. त्यातही अडचणी आल्या, कोरोना आला, ठशांचा त्रास होताच. मी कोणत्या पक्षाची योजना चांगली ते सांगत नाहीये, तो वाद तुम्ही पानठेल्यावर करा. मी फॉर्म बनवणारा माणूस आहे, मला त्यातला एकच फरक दिसतो. पहिल्यात माणसाला विचारलं, तुझी माहिती लिही. दुसऱ्यात माणसाला दाखवलं, ही तुझी माहिती, बरोबर आहे का?

वाचून हो म्हणणं सोपं आहे. आठवून, शोधून, कागदाची थैली चाळून लिहिणं अवघड आहे. म्हणून कुणी तुम्हाला फॉर्म बनवायला सांगितला की पहिला प्रश्न रंगाचा नाही, बटणाचा नाही. पहिला प्रश्न, यातलं काय तुमच्याकडे आधीच आहे?

इंग्लंडमध्ये कॅरोलाइन जॅरेट म्हणून एक बाई आहेत, फॉर्म या एकाच विषयावर त्यांनी आयुष्य घालवलंय. त्यांची एक पद्धत आहे. फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नासमोर लिहायचं, हे उत्तर कोण वापरणार, कशासाठी वापरणार, आणि उत्तर चुकीचं आलं तर काय होणार. ज्या प्रश्नासमोर काहीच लिहिता येत नाही तो खोडायचा. करून बघा. पतसंस्थेच्या फॉर्ममध्ये ‘धर्म’ हा रकाना कशाला आहे विचारा. उत्तर येईल, पहिल्यापासून आहे. आपल्याकडे आता २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही आहे. ज्या कामासाठी परवानगी घेतली त्याला लागते तेवढीच माहिती घ्यायची, असं तो सांगतो. म्हणजे खोडायला आता कायद्याचं कारणही आहे.

बरं, फॉर्म भरतो कोण? तुमच्या डोक्यात चित्र आहे की एक माणूस, एक मोबाईल, निवांत बसून भरतोय. आपल्याकडे फॉर्मला दोन माणसं लागतात. एक ज्याचा फॉर्म आहे तो, आणि एक जो भरून देतो तो. सेतूवरचा मुलगा, कॅफेवाला, पुतण्या, अंगणवाडी ताई. मी मध्यंतरी तालुक्याच्या एका केंद्रावर काही दिवस नुसता कोपऱ्यात बसून बघत होतो. तिथला संवाद साधारण असा असतो:

“काका, ओटीपी आला का जी?”

“आला असन. पन मोबाईल पोराजवळ हाय.”

“मग पोराला लावा ना फोन.”

“थो पुण्याले गेला कंपनीत. आता ड्युटीवर असन.”

ओटीपीला तीन मिनिटं. पोरगा ड्युटीवर. तीन मिनिटांनी स्क्रीन म्हणते, सेशन संपलं. आणि सेशन संपलं म्हणजे काय, तर आतापर्यंत भरलेलं सगळं गेलं. मागे रांगेत दहा जण.

यात चूक त्या काकांची आहे का? गावात एका घरात एक नंबर असतो, तो आधारला जोडलेला असतो, आणि तो नंबर ज्याच्याकडे असतो तो पोरगा कामाला बाहेर असतो. ही आपल्याकडची अगदी सर्वसाधारण परिस्थिती आहे. फॉर्म बनवणाऱ्याला ती माहीत पाहिजे. उपाय काही फार मोठे नाहीत. ओटीपी लागणार आहे हे पहिल्याच स्क्रीनवर सांगा, शेवटी नका सांगू. ‘आधारला जोडलेला मोबाईल, बँकेचं पासबुक, सातबारा जवळ ठेवा’, एवढी ओळ वर लिहिली तरी निम्म्या लोकांचा हेलपाटा वाचतो. आणि भरलेलं जपून ठेवा. नेट गेलं, लाईट गेली, ओटीपी चुकला, तरी माणूस परत आला की जिथं सोडलं तिथून सुरू व्हावं. प्रत्येक पानाला माहिती साठवणं आज कठीण नाही, फक्त कुणीतरी तसं करायचं ठरवावं लागतं.

आता नावाकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी फॉर्ममधली अर्धी भांडणं नावावरून होतात.

आपलं नाव तीन भागांचं. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. आधारवर एका क्रमाने, पासबुकवर दुसऱ्या क्रमाने, सातबाऱ्यावर आडनाव कधी आहे, कधी नाही. बाईचं लग्न झालं की बँकेत जुनं नाव, रेशनकार्डात नवीन. आणि हे सगळं इंग्रजीत लिहायचं म्हटलं की स्पेलिंग. आपल्या जिल्ह्याचंच बघा ना. इंग्रजांच्या काळातल्या कागदावर ‘येओटमाल’ वाचता येईल असं स्पेलिंग आहे, आताचं वेगळं. जिथे जिल्ह्याच्या नावाचं स्पेलिंग एक नाही राहिलं, तिथे ‘ज्ञानेश्वर’ नावाच्या माणसाने काय करायचं? त्याच्या चार कागदांवर चार स्पेलिंग असणारच.

म्हणून नाव जुळवायचं असेल तर अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे अशी अट घालू नका. मधली जागा, टिंब, लहान-मोठी अक्षरं याच्यावरून नाकारू नका. आणि फॉर्ममध्ये नेमकं सांगा, ‘आधार कार्डावर जसं छापलंय तसं नाव लिहा’. नुसतं ‘पूर्ण नाव’ लिहिलं तर प्रत्येक जण आपल्या मनाचं लिहिणार.

आणि मराठीत लिहू देणार असाल तर ही तांत्रिक गोष्ट लिहून घ्या. बरेच प्रोग्रामर नावाच्या रकान्यात तपासणी टाकतात, फक्त ए ते झेड चालेल. मराठी गेलं बाहेर. थोडा शहाणा प्रोग्रामर युनिकोडमधली ‘अक्षर’ ही श्रेणी घेतो आणि समजतो झालं. नाही झालं. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीत, त्यांची ‘चिन्हं’ म्हणून वेगळी श्रेणी आहे. त्यामुळे ‘कमल’ चालतं आणि ‘कमला’ चालत नाही! फॉर्म म्हणतो, नावात विशेष चिन्ह वापरू नका. कमलाबाई म्हणते, मी काय वापरलं बापा? दोन्ही श्रेण्या घ्या, प्रश्न संपला.

लांबीचंही तसंच. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं. संगणकाला ते चार दिसतात, श, हलन्त, र आणि दीर्घ ई. साठवताना त्याचे बारा बाइट होतात. रकान्याला वीसची मर्यादा घातली असेल तर इंग्रजी नाव आरामात बसतं आणि मराठी नाव मधेच तुटतं. मर्यादा मोठी ठेवा. कुणी मुद्दाम दोनशे अक्षरांचं नाव लिहायला बसलेलं नाही.

गावाच्या यादीची एक गंमत सांगतो. पांढरकवडा सगळ्यांना माहीत आहे, हायवेवरचं मोठं गाव, तहसील तिथेच आहे. आता फॉर्ममध्ये तालुका निवडायचा आहे. यादी उघडली, ‘प’ मध्ये शोधलं, पांढरकवडा नाही. पुन्हा शोधलं, नाही. कारण महसूल नोंदीत तालुक्याचं नाव आहे केळापूर. तिथल्या माणसाला हे माहीत असतं, पण पुण्याला शिकणाऱ्या त्याच्या भाचीला, जी मामाचा फॉर्म भरतेय, तिला कसं माहीत असणार? आणि कित्येकदा तर यादी दिसते मराठीत पण क्रम लावलेला असतो इंग्रजी एबीसीडीने. मग आर्णी वर, झरी जामणी तळाला, मधे काय कुठे ते देवाला माहीत. जिल्ह्यात सोळा तालुके, तालुक्यात शेकडो गावं, त्यात बुद्रुक आणि खुर्द. एवढी यादी बोटाने सरकवत बसायची?

इथे शोधायची सोय द्या. दोन अक्षरं टाईप केली की गावं दिसावीत, आणि ‘पांढरकवडा’ टाकलं तरी केळापूर दिसावं. टोपणनावांची एक छोटी यादी मागे ठेवायची, बस. बँकांचंही तसंच करा. १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. पण लोकांच्या घरातल्या जुन्या पासबुकावर जुनंच नाव छापलेलं. तो माणूस यादीत काय शोधणार? जे पासबुकावर आहे तेच शोधणार.

आता आकडे. आधार नंबर कार्डावर कसा छापलेला असतो? चार, जागा, चार, जागा, चार. माणूस बघून तसाच टाईप करतो, जागेसकट. फॉर्म म्हणतो, अवैध क्रमांक. अरे, जागा काढून टाकायला संगणकाला एक ओळ लागते! तेच काम तुम्ही साठ वर्षांच्या माणसाला सांगताय. कुणी मराठी कीबोर्डवरून १२३ असे देवनागरी आकडे टाकले तर तेही आपणच मागे इंग्रजी आकड्यात बदलून घ्यायचे. त्याने बरोबरच लिहिलंय.

आधारचा शेवटचा आकडा हा तपासणीचा आकडा असतो, बाकीच्या अकरांवरून एका गणिताने काढलेला. त्या गणिताचं नाव व्हरहॉफ. म्हणजे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर ते सर्व्हरला न विचारता मोबाईलवर जागीच कळतं. नेट नसतानाही कळतं. मग सबमिट झाल्यावर दोन मिनिटांनी ‘एरर’ दाखवायची गरजच काय?

बँकेच्या आयएफएससी कोडचं तर मला फार आवडतं. अकरा अक्षरं. पहिली चार बँकेची, आणि पाचवं नेहमी शून्य. नेहमी! पण पासबुकाच्या पुसट छपाईत शून्य आणि इंग्रजी ओ सारखेच दिसतात, आणि लोक ओ टाकतात. पाचव्या जागी शून्यच असतो हे तुम्हाला माहीत आहे, मग गुपचूप ओ चं शून्य करून टाका. आणि कोड टाकला की खाली बँक आणि शाखेचं नाव दाखवा. ‘शाखा दिग्रस’ असं दिसलं की माणूस म्हणतो, हो, हीच. दारव्ह्याची दिसली तर तिथल्या तिथे कळतं की गडबड झाली.

मोबाईलवर आकड्याचा रकाना असेल तर आकड्यांचाच कीबोर्ड उघडला पाहिजे. कोडमध्ये त्याला इनपुटमोड न्यूमरिक म्हणतात, एक शब्द लिहायचा असतो. ओटीपीच्या रकान्याला ऑटोकम्प्लीटमध्ये वन-टाइम-कोड लिहिलं तर बऱ्याच फोनमध्ये मेसेजमधला कोड कीबोर्डवरच सुचवला जातो. मेसेज उघडायचा, आकडे लक्षात ठेवायचे, परत यायचं, ही कसरत वाचते. जन्मतारखेला कॅलेंडर नका देऊ. कॅलेंडर आजच्या तारखेवर उघडतं, आणि १९६२ पर्यंत मागे जायला त्या माणसाने सातशेच्या वर वेळा बाण दाबायचा का? वर वर्षावर दाबलं की वर्षांची यादी येते म्हणे. ते तुम्हाला माहीत. तीन साधे रकाने द्या, दिवस, महिना, वर्ष. आणि काही आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्षच छापलेलं असतं, त्याचाही विचार करून ठेवा.

रकान्याच्या आत फिकट अक्षरात सूचना लिहायची फॅशन आहे. टाईप करायला लागलं की ती गायब. मग माणूस विसरतो इथे काय लिहायचं होतं. आणि फिकट राखाडी अक्षरं मे महिन्याच्या उन्हात शेताच्या बांधावर दिसतात का, एकदा बघून या. रकान्याचं नाव वर, ठळक, कायम दिसेल असं.

आता मोठ्या गोष्टीकडे येतो. प्रश्न विचारायचा कसा.

लाडकी बहीण योजना तुमच्या घरात असेलच. २०२४ च्या जुलैत अर्ज सुरू झाले, महिन्याला दीड हजार. २०२५ च्या सप्टेंबरपासून ई-केवायसी आली. त्यात बाईच्या स्वतःच्या आधारासोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी. आता ज्या बाईला नवराही नाही आणि वडीलही नाहीत तिने काय टाकायचं? आपल्या जिल्ह्यात अशा किती बायका असतील याचा विचार करा, आणि का असतील याचाही. नंतर त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली, मुदत वाढवावी लागली. पण फॉर्म ज्या दिवशी कागदावर आखला त्या दिवशी एकाने जरी विचारलं असतं, ‘आणि विधवा असेल तर?’, तर तो रकाना वेगळा दिसला असता.

त्याच फॉर्ममध्ये शेवटी घोषणापत्र होतं. मतलब असा, की माझ्या कुटुंबातील कुणी सरकारी नोकरीत कायम कर्मचारी नाही. आणि उत्तर, होय किंवा नाही. आता थांबा आणि स्वतः उत्तर द्या. तुमच्या घरी कुणी सरकारी नोकरीत नाही. मग तुम्ही काय दाबाल? मराठी माणसाच्या तोंडून सरळ येतं, ‘नाही, नाही कुणी नोकरीत.’ आणि बोट जातं नाही वर. पण फॉर्मच्या हिशोबात ‘नाही’ म्हणजे ‘वरचं वाक्य खरं नाही’, म्हणजे घरात सरकारी नोकर आहे! खूप बायकांचा पर्याय असा चुकला, हप्ते अडकले, आणि मग अंगणवाडी सेविकांकडून घरोघरी पडताळणी करून घ्यायची वेळ आली.

एका ‘नाही’ या शब्दापायी. प्रश्न असा असता, ‘तुमच्या घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का?’, आणि खाली ‘हो, आहे’ आणि ‘नाही, कुणी नाही’ अशी पूर्ण उत्तरं असती, तर बहुतेक गोंधळ झालाच नसता. वकिली भाषेतलं वाक्य जसंच्या तसं उचलून स्क्रीनवर ठेवलं की असं होतं. लोक म्हणतात, बायकांना फॉर्म वाचता येत नाही. मला हे वाक्य आलं की राग येतो. हा प्रश्न मी एमएससी झालेल्या दोन मित्रांना विचारला, दोघांची उत्तरं वेगवेगळी आली.

शिवाय आपला जिल्हा नुसता मराठीचा नाही. पुसद, दिग्रसकडे तांड्यावर गोरमाटी बोलतात, केळापूर, झरी, मारेगावकडे कोलामी आणि गोंडी. त्या बाईने मराठी वाचली तरी ती तिची दुसरी भाषा आहे. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अनुज्ञेय’ हे शब्द तिसरी भाषा झाले. फॉर्मचं वाक्य लिहिलं की मोठ्याने वाचा. एसटीत शेजारी बसलेल्या आजीला तुम्ही तसं विचाराल का? नसाल विचारत तर बदला.

चुकीचा संदेश, म्हणजे एरर, हासुद्धा बोलण्याचाच भाग आहे. ‘इनव्हॅलिड इनपुट’ हे काही बोलणं झालं? कुठे चुकलं, काय चुकलं, आता काय करू, हे सांगा. ‘मोबाईल नंबर नऊच आकड्यांचा आहे, एक आकडा राहिला.’ आणि हे त्या रकान्याच्या शेजारीच दिसू द्या, पानाच्या वर लाल पट्टीत नको, मोबाईलवर ती पट्टी स्क्रीनच्या बाहेर असते. एक रकाना चुकला म्हणून बाकीचे पुसायचे नाहीत. कागदाचा फोटो मोठा आहे म्हणून माणसाला पन्नास केबीत बसव म्हणू नका. ते लहान करायचं काम मोबाईलचं ब्राउझर स्वतः करू शकतं. आज त्या एका कामासाठी कॅफेवाले वीस-तीस रुपये घेतात.

आणि शेवटचा स्क्रीन. सबमिट दाबलं, गोल फिरलं, पान कोरं झालं. गेला का फॉर्म? माहीत नाही. मग माणूस परत भरतो, आणि सिस्टीम म्हणते, आधीच अर्ज केलेला आहे. अर्ज क्रमांक मोठ्या अक्षरात दाखवा, एसएमएस पाठवा, आणि पुढे काय होणार, किती दिवसांत, कुठे विचारायचं ते लिहा. केंद्रावर लोक पावतीसाठी किती हट्ट धरतात बघा. त्या कागदाची घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात. २०१७ च्या पावत्या अजून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत.

मागच्या भागावर एका श्रोत्याने विचारलं होतं की टेस्टिंग कशी करायची, आमच्याकडे मोठी टीम नाही. टीम लागत नाही. तीन-चार माणसं लागतात, तुमच्या मित्रांपैकी नकोत. काकू, किराणावाला, आणि एक केंद्र चालवणारा मुलगा, तो तर हवाच, त्याच्याएवढे फॉर्म जिल्ह्यात कुणी भरलेले नसतात. स्वस्तातला, काच फुटलेला फोन द्या, वायफाय बंद करा, उन्हात बसवा. आणि स्वतः गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. तोंडातून ‘अहो, खाली दाबा ना’ येणारच, ते गिळायचं. ती व्यक्ती जिथे थांबली, जिथे तुमच्या तोंडाकडे बघितलं, ती जागा वहीत लिहा. तीन माणसं एकाच जागी थांबली तर तिथला प्रश्न बदला आणि दुसऱ्या दिवशी नवीन तिघांना बसवा.

पुढच्या भागात कोड घेऊन बसू, नावाची तपासणी, गावाची शोधयादी आणि नेट गेल्यावर माहिती जपणं, तिन्ही करून दाखवतो. तोपर्यंत घरात कुणाचा फॉर्म भरून देत असाल तर मधे कुठे अडलात त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आधार नंबर आणि नाव झाकून मला पाठवा, त्यातलेच घेऊ.